एमआरआयसाठी घाट एकदाच चढा: कोकणातून तपासणीला निघणाऱ्यांसाठी

देवगड, गुहागर, श्रीवर्धन, वेंगुर्ला अशा किनाऱ्याच्या तालुक्यांतल्या आतल्या गावातून एमआरआयला निघायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. पहाटेची वस्तीची एसटी पकडायची, मग पुढची गाडी. जवळच्या शहरात सोय झाली तर बरं, नाहीतर गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर-बेळगाव, खाली गोव्यात बांबोळी, किंवा चाकरमान्याच्या भरवशावर मुंबई. एवढं करून काउंटरवर पोहोचावं आणि तिथे विचारावं, "मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठे आहे?" किंवा "पायात रॉड आहे म्हणता, त्याचे कागद?" आणि रुग्णाला तसंच परत फिरावं लागावं, हे फार वेळा होतं. ही बहुतेक कारणं घरीच निस्तरता येतात. रुग्ण वेदनेत असेल तर दुसरी फेरी म्हणजे नुसता भाड्याचा प्रश्न राहत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या निघायच्या आधी दोन-तीन दिवस वाचा.

१. डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन नीट वाचा

चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: कुठला भाग, कुठली बाजू, कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागणार की नाही, आणि डॉक्टरांना नेमका कसला संशय आहे.

नुसतं "एमआरआय स्पाइन" लिहिलं असेल तर तिथेच थांबा. पाठीचा कणा मानेपासून माकडहाडापर्यंत आहे. मान, छाती आणि कंबर यांचे एमआरआय वेगवेगळे होतात, त्यांचे पैसेही वेगवेगळे लागतात. कमरेचं दुखणं डाव्या पायात उतरतंय, तीन आठवडे झाले, अंगठा वर उचलत नाही, एवढ्या दोन ओळी चिठ्ठीवर असल्या की रेडिओलॉजिस्ट नेमकी जागा बारकाईने पाहतो. एमआरआय म्हणजे एका बटणावर सगळं टिपणारा कॅमेरा नव्हे. एकाच गुडघ्याचे पाच-सहा वेगवेगळे क्रम, म्हणजे चित्रांचे संच, घेता येतात, आणि कुठले घ्यायचे हे त्या दोन ओळींवरून ठरतं. भगेंद्रासाठी घ्यायचे क्रम आणि गर्भाशयाच्या गाठीसाठी घ्यायचे क्रम वेगळे, जरी दोन्ही वेळा ओटीपोटाचंच स्कॅन असलं तरी.

त्याच जागेचं आधी ऑपरेशन झालं असेल तर ते चिठ्ठीवर आलंच पाहिजे. कमरेच्या गादीचं (दोन मणक्यांमधल्या डिस्कचं) ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा दुखायला लागलं, तर दुखणं जुन्या व्रणाच्या पेशींमुळे आहे की गादी पुन्हा सरकली आहे हे ओळखायला कॉन्ट्रास्टची मदत होते. हे माहीत नसेल तर साधा एमआरआय होतो, आणि आठवड्याने कॉन्ट्रास्टसाठी पुन्हा बोलावणं येतं.

चिठ्ठी अपुरी वाटली तर डॉक्टरांना फोन करून विचारायला संकोच करू नका. दोन मिनिटांचं काम आहे.

२. एमआरआयमध्ये काय दिसतं, काय नाही

आपल्या अंगात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. मोठ्या चुंबकात हे हायड्रोजनचे केंद्रक एका दिशेला झुकतात. रेडिओलहरी सोडून त्यांना हलवलं की मूळ जागी परतताना ते स्वतः संकेत देतात. चरबी, पाणी, सूज, गाठ यांचे संकेत वेगवेगळे येतात आणि त्यातून चित्र तयार होतं. ही पद्धत विकसित करणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यात एक्स-रे वापरत नाहीत, त्यामुळे किरणोत्साराची भीती बाळगू नका.

मऊ भाग पाहायला एमआरआयचा हात धरणारं दुसरं काही नाही. मेंदूतल्या गाठी, फिटचं कारण, मज्जारज्जूवरचा दाब, सरकलेली गादी, मणक्याचा क्षय, गुडघ्याचे फाटलेले लिगामेंट आणि मेनिस्कस, खांद्याचे स्नायू, प्रोस्टेट, गर्भाशय, गुदद्वाराजवळचा भगेंद्र, हे सगळं त्यात नीट दिसतं. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र बिघाड कळतो. पित्तनलिकेत अडकलेला खडा शोधायला एमआरसीपी नावाचा एमआरआय करतात. त्यात नळीतला द्रवच इतका उजळ दिसतो की कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही.

पण मूतखडा, फुप्फुसाचा आजार यांसाठी सीटी स्कॅन जास्त उपयोगी. "एमआरआय महाग, म्हणजे तोच चांगला" असं समजून स्वतःहून मागू नका.

३. ही लक्षणं असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, असं झालं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मेंदूत रक्तस्राव झालाय का हे आधी पाहावं लागतं आणि ते सीटीवर मिनिटांत कळतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात. लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून ठेवा, रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येईल.

कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, किंवा खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो तो बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तिथल्या नसा दाबल्या गेल्याची ही खूण असू शकते, आणि हा दाब वेळेत काढला नाही तर ताबा कायमचा जाऊ शकतो.

माडावरून, पोफळीवरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाला रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडून कोंबू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून फळीवर किंवा उतरवलेल्या दारावर घ्या. मोडलेल्या मणक्यातली मज्जारज्जू पडताना वाचलेली असते आणि उचलताना चिरडते, असं होऊ शकतं.

४. अंगातला धातू: इथे काहीही लपवू नका

चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट ताकद. ३ टेस्लाची मशीनही आता बरीच आहेत. आतलं तारेचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेलं असतं, म्हणून एकदा सुरू झालेला विजेचा प्रवाह त्यात फिरत राहतो. याचा अर्थ लक्षात घ्या: स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालू असतं. लाइट गेली तरी चालू असतं. रात्री, रविवारी, गणपतीच्या सुट्टीतही चालू असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला, सिलिंडरसकट मशीनकडे ओढला गेला आणि त्याचे प्राण गेले. दारावरचा माणूस अडवतो तेव्हा वाद घालू नका.

आता घरी बसून आठवा आणि लिहून काढा:

पेसमेकर. नवे बरेचसे ठराविक अटींवर एमआरआय चालणारे असतात, पण त्यासाठी कार्डावरचा मॉडेल क्रमांक लागतो. तारांचाही क्रमांक लागतो, कारण मशीन नवं आणि तारा जुन्या असं असू शकतं. शिवाय स्कॅनच्या आधी आणि नंतर पेसमेकरचं सेटिंग बदलावं लागतं. त्यासाठी माणूस हजर असेल असंच केंद्र निवडा. हे फोनवर ठरल्याशिवाय घर सोडू नका.

मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप. जुन्या काही क्लिप चुंबकाने हलतात. क्लिपचं नाव असलेला कागद नसेल तर स्कॅन होणार नाही, आणि तेच योग्य आहे.

कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मज्जारज्जूला लावलेलं यंत्र, औषधाचा पंप. यांचीही कार्डं हवीत.

हृदयातल्या स्टेंटला लोक उगाच फार घाबरतात. बहुतेक स्टेंटसह एमआरआय करता येतो, अगदी स्टेंट नुकता बसवला असला तरी. डिस्चार्ज कार्ड मात्र न्या. हाडातल्या टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूनेही सहसा धोका नसतो, फक्त त्यांच्या आसपासचं चित्र काळं आणि वाकडं येतं. पोलादी असतील तर जास्तच. तांबी असली तर सांगा, साध्या तांब्याच्या तांबीने स्कॅन अडत नाही. दाताची चांदी चालते. काढता येणारी कवळी मात्र काढावीच लागते.

आपल्या किनाऱ्यावरचे दोन धोके शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. ट्रॉलरचा गंज ग्राइंडरने घासणारे, बोटीवर किंवा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारे, चिरेखाणीच्या मशीनच्या पात्यांना धार लावणारे यांच्या डोळ्यात कधीतरी लोखंडाची किस गेलेली असते. डोळा चोळला, लाल झाला, दोन दिवसांत बरा वाटला आणि विषय विसरला. पण तो कण आत रुतून राहिला असेल तर चुंबकात हलून डोळा कायमचा अधू करू शकतो. "डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का?" या प्रश्नाला "नाही" म्हणण्याआधी वीस वर्षं मागे जाऊन आठवा. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढतात, तो तालुक्याच्या गावीही निघतो. त्याची फिल्म सोबत घ्या.

दुसरा धोका छर्रा. डुकराच्या शिकारीत लागलेला एखादा छर्रा मांडीत किंवा खांद्यात तसाच राहिलेला असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तो शिशाचा की पोलादी हे बाहेरून कळत नाही. तो कसा लागला हे कोणी विचारणार नाही, पण आहे हे टेक्निशियनला सांगा. एक्स-रेवर जागा पाहून रेडिओलॉजिस्ट निर्णय घेतात.

गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर तेही याच यादीत लिहा. गरज असेल तर गरोदरपणात साधा एमआरआय करतात, पण कॉन्ट्रास्ट टाळतात.

५. कॉन्ट्रास्ट लागणार असेल तर क्रिएटिनिन आधीच काढा

एमआरआयचं कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम या धातूचं संयुग. हाताच्या शिरेतून देतात. प्रमाण वजनावर ठरतं. नेहमीच्या ताकदीचं औषध किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिली. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, निघण्याआधी काट्यावर उभे राहा.

हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड फार कमी काम करत असेल, म्हणजे ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल, तर काही प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा आणि सांधे कडक होण्याचा गंभीर विकार झाल्याचं २००६ पासून लक्षात आलं. तेव्हापासून केंद्रं क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय सुई टोचत नाहीत. साधी रक्ततपासणी आहे, गावाजवळच्या लॅबमध्ये होते. रिपोर्ट किती दिवसांच्या आतला चालेल हे केंद्राला फोनवर विचारून मगच रक्त द्या. डायलिसिसवरच्या रुग्णाने आपल्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नये.

मासळीबद्दलचा एक गैरसमज. कोळंबी किंवा तिसऱ्या खाल्ल्या की अंगावर पित्त उठतं, म्हणून कॉन्ट्रास्ट चालणार नाही, असं अनेक जण स्वतःच ठरवून टाकतात. ती ॲलर्जी माशातल्या प्रथिनांची असते. गॅडोलिनियममध्ये मासळीतलं काही नाही आणि आयोडीनही नाही. फॉर्मवर ॲलर्जी जरूर लिहा, पण त्यासाठी तारीख रद्द करू नका. आधी कुठल्याही कॉन्ट्रास्टने श्वास लागला असेल, दमा असेल, तर ते मात्र ठळक सांगा.

मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करायची सूचना मुख्यतः सीटीच्या आयोडीन असलेल्या कॉन्ट्रास्टसाठी असते. एमआरआयसाठी ती स्वतःहून थांबवू नका.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात गॅडोलिनियमचा अगदी नाममात्र अंश उतरतो. एरवी पाजणं थांबवायची गरज नसते.

६. फोनवर विचारायचे प्रश्न

तारीख घेताना एवढं विचारून लिहून ठेवा: मशीन किती टेस्लाचं आहे, एकूण खर्च किती, आणि कॉन्ट्रास्ट, फिल्म, सीडी त्यात धरली आहे का, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो की दुसऱ्या दिवशी, उपाशी यायचं का. रुग्णाचं वजन जास्त असेल किंवा पोट मोठं असेल तर मशीनच्या ज्या बोगद्यात झोपवतात त्याची रुंदीही विचारा. जुन्या मशीनची साधारण ६० सेंटिमीटर असते, नव्यांची ७०. या दहा सेंटिमीटरने एखाद्याचं स्कॅन होतं, एखाद्याचं होत नाही.

खर्चाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारासाठी आहे. त्या पॅकेजमधल्या तपासण्या रुग्णालय करतं. बाहेर स्वतःच्या खर्चाने एमआरआय करून नंतर योजनेतून पैसे मागितले तर सहसा मिळत नाहीत. ऑपरेशन होण्याची शक्यता असेल तर आधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा आणि मग ठरवा. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. दाखला निघायला दिवस लागतात, अर्ज लवकर टाका.

मुंबईची तारीख चाकरमानी घेऊन देणार असेल तर चिठ्ठीचा स्पष्ट फोटो आणि धातूची यादी त्याला आधीच पाठवा. "गावच्या काकांचा पाठीचा एमआरआय" एवढ्यावर घेतलेली तारीख चुकीच्या भागाची निघते.

७. प्रवासाचा हिशेब

सकाळी निघण्याआधी केंद्राला एक फोन कराच. मशीनच्या थंड करण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला तर त्या दिवसाचं सगळं काम थांबतं आणि काउंटर प्रत्येकाला कळवेलच असं नाही. पावसाळ्यात दरडीमुळे घाट बंद होतात, कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं. जून ते सप्टेंबरात सकाळी नऊची वेळ घेण्यापेक्षा अकरा-बाराची घ्या, किंवा आदल्या रात्री मुक्कामाला जा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून परतीचं तिकीट मिळणं कठीण, तेव्हा तपासणी थांबण्यासारखी असेल तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकला.

कमरेच्या रुग्णाला तीन-चार तास बसवून आणलं की तो मशीनमध्ये उताणा झोपू शकत नाही. वाटेत दोनदा उतरवून चालवा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी स्कॅनच्या साधारण तासभर आधी पोटात जाईल अशी वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

८. पिशवीत काय हवं

– डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, फोटो नको
– जुने एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी, त्यांच्या फिल्म आणि सीडीसह
– ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं कार्ड
– क्रिएटिनिनचा रिपोर्ट, कॉन्ट्रास्ट असेल तर
– आधार कार्ड. योजना किंवा सवलत हवी असेल तर रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला
– चालू औषधांची पट्टी किंवा यादी
– बिनबटणाचे, कोरडे, सुती कपडे आणि एक पातळ चादर
– धातूची यादी, पायरी चारमध्ये केलेली

जुन्या फिल्म "त्या आता कशाला" म्हणून लोक घरी ठेवतात. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्या चित्राशी ताडूनच कळतं.

९. आदली संध्याकाळ आणि ती सकाळ

साध्या मेंदूच्या, मणक्याच्या किंवा गुडघ्याच्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही. एमआरसीपी आणि पोटाच्या स्कॅनला चार ते सहा तास काही खायचं नसतं. कॉन्ट्रास्टसाठी बरीच केंद्रं चार तास उपाशी यायला सांगतात. भूल किंवा झोपेचं औषध देणार असतील तर सहा तास जेवण नको आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंतच. रक्तदाबाची आणि फिटची गोळी चुकवू नका. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहून नेहमीचा डोस घेतला तर साखर घसरते, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा आणि डोस डॉक्टरांना विचारा.

दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र, पैंजण, कानातलं लगेच निघतं. अडतात ती जोडवी आणि फिरकीची चमकी. वर्षानुवर्षं घातलेली जोडवी बोटाला घट्ट बसलेली असतात. आदल्या रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून, साबण किंवा खोबरेल लावून, गोल फिरवत काढा. चमकी निघत नसेल तर आदल्या दिवशीच सोनाराकडे जा. केंद्राच्या बाकावर बसून घाईत ओढल्याने नाकातून रक्त येतं. पुरुषांचा चांदीचा करगोटा आणि दंडातला ताईत राहून जातो. ताईत दोऱ्याचा दिसला तरी आत तांब्याचा किंवा लोखंडाचा पत्रा असू शकतो. साडीच्या निऱ्यांना आणि पदराला लावलेल्या सेफ्टी पिना, केसातले आकडे, ब्लाउजचे हूक, सगळं काढायचं. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर सांगा. काहींच्या पाठीला धातूचा थर असतो आणि तो तापतो. डोळ्यातलं काजळ आणि मस्कारा पुसून जा.

घामाने किंवा पावसाने भिजलेले कपडे बदला. ओला कपडा अंगाला चिकटलेला असेल तर रेडिओलहरींनी तिथे चटका बसायची शक्यता वाढते.

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. तीस-एक प्रश्नांना सरसकट "नो" टिक मारून मोकळं होणं ही सर्वांत धोक्याची चूक. वाचता येत नसेल तर प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून घ्या.

१०. बोगद्यात

टेबलावर झोपवून ज्या भागाचं स्कॅन आहे तिथे पिंजऱ्यासारखं किंवा पट्ट्यासारखं कॉइल लावतात. मेंदूसाठी ते चेहऱ्यावर येतं, जाळीच्या मुखवट्यासारखं. कानात बोळे किंवा हेडफोन आणि हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की टेक्निशियन थांबतो. तो दाबून पाहा, घंटा वाजते का ते आधीच ऐका. मन तिथेच अर्धं शांत होतं.

मग ठकठक, घरघर, मध्येच सायरनसारखा आवाज. प्रत्येक क्रम दोन ते सहा मिनिटांचा. आवाज चालू असताना हलायचं नाही, दोन क्रमांच्या मधल्या शांततेतही कूस बदलायची नाही. मेंदूला आणि कमरेला साधारण वीस ते तीस मिनिटं, कॉन्ट्रास्ट असेल तर त्याहून जास्त. लघवी करूनच आत जा, पंचविसाव्या मिनिटाला लागली की शेवटचे क्रम हलतात. मानेच्या स्कॅनला आवाज सुरू असताना आवंढा गिळू नका. पोटाच्या स्कॅनला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात. घरी चार वेळा सराव करा, श्वास सोडून रोखायचा की घेऊन हे तिथे विचारा.

हात जोडून छातीवर ठेवू नका, पायावर पाय टाकू नका. त्वचेला त्वचा टेकून वेटोळं तयार झालं की त्यातून प्रवाह वाहतो आणि टेकलेल्या जागी भाजतं. मांड्यांमध्ये चादरीची घडी ठेवा. कुठेही गरम वाटलं तर सहन न करता फुगा दाबा.

बंद जागेची भीती वाटत असेल तर तारीख घेतानाच सांगा. आत जाण्याआधी डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. नातेवाइकाला धातू काढून पायाशी उभं राहू देतात का ते विचारा. लहान मुलांना बहुधा झोपेचं औषध लागतं. तेव्हा भूलतज्ज्ञ असलेलं केंद्र हवं, आणि परतीच्या प्रवासात मुलाला मांडीवर घ्यायला दुसरा मोठा माणूस हवा.

कॉन्ट्रास्ट दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ॲलर्जी आलीच तर बहुधा याच वेळात येते, आणि ती घाट उतरताना आली तर जवळ डॉक्टर नसतो.

११. फिल्म आणि सीडी सांभाळणं

काउंटर सोडण्याआधी नाव, वय, तारीख आणि बाजू तपासा. डाव्या गुडघ्याच्या चिठ्ठीवर उजव्याचा रिपोर्ट असेल तर तो तिथेच सुधारून मिळतो, घरी आल्यावर नाही.

फिल्मपेक्षा सीडी किंवा पेनड्राइव्ह महत्त्वाचा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी असतात आणि डॉक्टर ती सरकवत पाहू शकतात. खिडकीच्या उजेडात धरून काढलेले फिल्मचे फोटो मुंबईच्या डॉक्टरांना पाठवून फारसं काही साधत नाही. सीडीचा अख्खा फोल्डर घरच्या संगणकावर उतरवून ठेवा, त्यातली एकही फाइल वगळू नका.

आपल्याकडच्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात. प्रत्येकीमध्ये कोरा कागद घालून कपाटात उभ्या ठेवा. लॅमिनेशन कधीही करू नका. आताच्या फिल्म उष्णतेने छापतात, लॅमिनेशनच्या मशीनमधून काढली की सबंध काळी होते. उन्हातल्या गाडीत मागच्या काचेखाली ठेवली तरी हळूहळू काळवंडते.

१२. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमधला शेवटचा "इंप्रेशन" हा परिच्छेद आधी वाचा. बाकीचं वर्णन असतं. "डिस्क बल्ज" (गादी फुगणं), "डेसिकेशन" (ती सुकणं), "डीजनरेटिव्ह चेंजेस" (झीज) हे शब्द दिसले की घरात रडारड होते, गावात "मणक्यात गॅप आला" अशी बातमी पसरते. कमरेचं काहीच दुखणं नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकावेत तशा त्या झिजतात. म्हणून रिपोर्टमधली गादी आणि पायातली कळ एकाच नसेची आहे का, हे रुग्णाला तपासूनच ठरतं. रिपोर्टवरची "क्लिनिकल कोरिलेशन" ही ओळ त्यासाठीच असते. नुसता रिपोर्ट पाहून, रुग्णाला हात न लावता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

"मोशन आर्टिफॅक्ट" म्हणजे रुग्ण हलल्यामुळे चित्र फिस्कटलं. तपासणी अपुरी राहिली असेल तर ते क्रम पुन्हा घेण्याबद्दल केंद्राशी त्याच दिवशी बोला. मणक्यातला "हिमँजिओमा" बहुतेक वेळा निरुपद्रवी रक्तवाहिन्यांचा गोळा असतो, कॅन्सर नव्हे. उलट "कॉर्ड कंप्रेशन" (मज्जारज्जूवर दाब), "कॉडा इक्विना" (कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा), "ॲब्सेस" (पू साठणं) असे शब्द असतील तर पुढच्या सोमवारची ओपीडी धरू नका, गावी न परतता त्याच शहरातून आपल्या डॉक्टरांना फोन लावा.

रिपोर्ट, फिल्म आणि सीडी घेऊन चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे रुग्णालाही सोबत न्या. नुसते कागद मुलाच्या हाती पाठवले, तर पाय उचलून, गुडघ्यावर हातोडी मारून जे पाहायचं ते राहून जातं.